फिगर स्केटिंगची स्पर्धा बघायला पहिल्यांदा जाताय? कोकणातल्या घरांसाठी मार्गदर्शक

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच घरांतली पोरं नोकरीनिमित्त कॅनडा, अमेरिका, युरोपात जाऊन स्थिरावली आहेत. त्यांची मुलं तिकडच्या थंडीत बर्फावर स्केटिंग शिकतात. मग इथून सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजी-आजोबांना एखाद्या शनिवारी सकाळी सांगितलं जातं, "चला, आवरा, आज नातीची स्पर्धा आहे." कुठे जायचं, काय नेसायचं, टाळी कधी वाजवायची, कशाचा पत्ता नसतो. घरचे स्वतःच धावपळीत असतात, त्यामुळे कोणी नीट सांगतही नाही.

माझी भाची टोरांटोजवळच्या एका क्लबात शिकते. तिच्यामुळे क्लबाच्या छोट्या स्पर्धा बघितल्या आणि एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धाही. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडते आहे. वेंगुर्ल्याहून थेट रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, पोचलेल्या माणसालाही हे वाचून अवघडल्यासारखं होऊ नये, एवढी इच्छा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. या खेळातले प्रेक्षकांचे नियम दिखाऊ शिष्टाचाराचे नाहीत. स्केटच्या पात्याची जाडी जेमतेम चार मिलिमीटर असते. खेळाडू त्यावरून उडी घेतो, हवेत गिरक्या घेतो आणि एका पायावर, उलट्या दिशेने, पात्याच्या एका कडेवर उतरतो. पहिल्या रांगेतला माणूस त्याच्यापासून चार-पाच हातांवर असतो. त्या क्षणी झालेली हालचाल, चमकलेला फ्लॅश, बर्फावर पडलेली वस्तू, यातल्या कशाचीही किंमत त्या पोराला मोजावी लागू शकते. प्रत्येक नियमामागे असं काही ना काही कारण आहे, आणि ते कळलं की नियम आपोआप पाळला जातो.

१. कोणती स्पर्धा आहे, ते आधी विचारून घ्या

क्लबाच्या किंवा प्रांताच्या स्पर्धेला तिकीट नाममात्र असतं, कधी नसतंही. मिळेल तिथे बसायचं. वातावरण घरगुती असलं तरी नियम तेच.

मोठ्या स्पर्धांचं गणित वेगळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ग्रां प्री मालिकेच्या सहा स्पर्धा होतात आणि डिसेंबरमध्ये तिची अंतिम फेरी. युरोप सोडून बाकीच्या खंडांसाठी असलेली फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धा वर्षाच्या सुरुवातीला येते, आणि जागतिक स्पर्धा मार्चमध्ये. पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोडी आणि आइस डान्स असे चार मुख्य प्रकार. प्रत्येक प्रकार दोन भागांत होतो, आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या दिवशी. एकेरीत पहिला भाग शॉर्ट प्रोग्रॅम, साधारण २ मिनिटं ४० सेकंदांचा. दुसरा फ्री स्केटिंग, वरिष्ठ गटासाठी साधारण ४ मिनिटांचा. दोन्हींचे गुण मिळवून निकाल लागतो.

इथेच पहिला फटका बसतो. तिकीट एका सत्राचं असतं, आणि "महिला एकेरी" वाचून लोक शॉर्ट प्रोग्रॅमचंच तिकीट काढून मोकळे होतात. पदक मात्र ठरतं फ्री स्केटिंगला. पैसे भरण्याआधी तारीख आणि सत्राचं नाव दोन्ही ताडून बघा.

भारतातच बघायचं असेल तर देहराडूनला महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या आवारात हिमाद्री आइस रिंक आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी ते बांधलं होतं. मधली बरीच वर्षं ते बंद होतं आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीन आणि पुढे दिल्लीहून देहराडून, असा प्रवास करता येतो. आपल्याकडे बर्फाचे रिंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे देशात स्पर्धा झालीच, तर प्रेक्षक फार नसतात आणि खेळाडूला प्रत्येक टाळी वेगळी ऐकू येते. तारा प्रसादसारख्या मुली भारताकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, त्या परदेशात सराव करून. अशा खेळाला आपल्या माणसांचे चार चेहरे गॅलरीत दिसले तर हवेच आहेत.

२. जागा कुठली घ्यावी

रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. एका लांब बाजूला परीक्षक बसतात. बहुतेक नृत्यरचना त्यांच्याकडे तोंड करून बसवलेल्या असतात, त्यामुळे परीक्षकांच्या मागची जागा उत्तम आणि अर्थातच महाग. समोरच्या बाजूला बसलात तर भाव कमी दिसतील, पण पायांचं काम तिथूनही छान दिसतं.

अगदी पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका, विशेषतः घरात कोणाला संधिवात असेल तर. बर्फाचा गारठा तिथे सर्वांत जास्त, आणि कडेच्या फळीमुळे जवळ आलेल्या खेळाडूचे पायच दिसत नाहीत. मला दहाव्या-बाराव्या रांगेतून बघायला आवडतं. तिथून खेळाडूने संपूर्ण रिंक कसा वापरला, ते नजरेत येतं. कोपऱ्याजवळची जागा मिळाली तर नाराज होऊ नका. लुट्झ नावाची उडी लांबलचक मागे घसरत येऊन बऱ्याचदा कोपऱ्यातच मारतात.

३. सोबत काय न्यायचं

• तिकीट, मोबाइलमध्ये आणि शक्यतो कागदावरही. रिंकमध्ये नेट बऱ्याचदा दगा देतं.
• फोटो असलेलं ओळखपत्र. परदेशात असाल तर पासपोर्टची प्रत.
• स्वेटर किंवा जॅकेट, कानटोपी, हातमोजे, शाल.
• लोकरीचे मोजे आणि बंद बूट.
• बसायला जाड चादर किंवा छोटी उशी.
• दूरची जागा असेल तर दुर्बीण.
• रोजची औषधं, खिशात राहतील अशी.
• स्पर्धेची क्रमवारी, म्हणजे कोण कोणत्या गटात ते लिहिलेला कागद. तो आयोजकांच्या संकेतस्थळावर मिळतो.

थंडीबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण आपण तिथेच फसतो. बाहेर ऊन असलं तरी रिंकच्या आत गॅलरीत दहा-पंधरा अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि तीन-चार तास एका जागी बसायचं असतं. पहिल्यांदा गार पडतात ते पाय, कारण खाली सिमेंट. क्लबाच्या रिंकमध्ये तर बसायला पत्र्याचे बाकडे असतात, त्यांचा गारवा पातळातून थेट लागतो. साडी नेसायची असेल तर जरूर नेसा, आत गरम पायजमा घाला आणि चपलांऐवजी बूट घाला. देवगड-मालवणच्या दमट हवेत आयुष्य काढलेल्या माणसाला "थोडीशी थंडी" म्हणजे काय, याचा अंदाज येत नाही. म्हणून दोन कपडे जास्तच घ्या, नको वाटले तर काढून ठेवता येतात.

मोठ्या स्पर्धेला बॅगेच्या आकारावर बंधन असतं. काही ठिकाणी पारदर्शक पिशवीच चालते, आणि बाहेरचं खाणं, थर्मास दारातच काढून घेतात. आधी विचारा. क्लबाच्या स्पर्धेला डबा चालतो, पण वास सुटणारं काही नेऊ नका. रिंक बंदिस्त असतो आणि मुलं रिकाम्या पोटी उतरायच्या तयारीत असतात.

आणि बायांनो, पुढच्या रांगेत बसणार असाल तर केसात वेणी-गजरा नको. अबोलीची वेणी माळून नातीच्या स्पर्धेला जावंसं वाटणं मी समजू शकते. पण अबोलीचं फूल सुटून बर्फावर पडलं की चिकटून बसतं आणि पांढऱ्यावर असूनही वेगात दिसत नाही. पातं त्यावर अडकलं तर पोरगी तोंडावर आपटते. केसाची पिन, मणी, टिकली, शेंगदाण्याचं साल, सगळ्याचं तेच. खेळाडूच्या स्वतःच्या पोशाखातला तुकडा बर्फावर पडला तरी त्याचा गुण कापतात, इतकं हे गंभीर धरलं जातं. कठड्यावरून खाली वाकून काही खाऊ-पिऊ नका.

४. आत जायची आणि उठायची वेळ

आपल्याकडे दशावतार बघायला जातो तेव्हा रात्रभर येणं-जाणं चालू असतं. संकासुर आला की पोरं पुढे सरकतात, लांबण लागली की मोठी माणसं चहाच्या टपरीवर जाऊन येतात, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. नट पट्टीचे असतात, प्रेक्षक उठला-बसला तरी त्यांचं काम थांबत नाही. ही सवय रिंकच्या दाराबाहेर ठेवावी लागते.

खेळाडू बर्फावर असताना कोणी आत येत नाही, कोणी उठत नाही. मोठ्या स्पर्धेत दारावरचे स्वयंसेवक दोरी धरून तुम्हाला अडवतील. त्यांच्याशी वाद घालू नका, दोन-चार मिनिटांचाच प्रश्न असतो. क्लबाच्या स्पर्धेत अडवायला कोणी नसतं, तिथे आपणच थांबायचं. उडी घ्यायला वळलेल्या खेळाडूच्या नजरेसमोर हलणारा रंगीत ठिपका म्हणजे काय, ते तुम्ही एकदा बर्फाच्या पातळीवर उभं राहून बघितलंत तर कळेल.

मग उठायचं कधी? याचं वेळापत्रक पक्कं असतं.

स्पर्धक गटागटाने येतात. एकेरीत एका गटात जास्तीत जास्त सहा. गट आला की सहा मिनिटांचा वॉर्म-अप, त्यात सगळे एकदम बर्फावर. या सहा मिनिटांत हिंडा, बोला, टाळ्या द्या, फोटो काढा. मग एकेकाची पाळी. एकाचं संपून त्याचे गुण जाहीर होईपर्यंत थोडा अवकाश मिळतो, त्यात अगदी अडलंनडलं तर पटकन उठता येतं. परत येताना पुढचा सुरू झाला असेल, तर दारातच थांबायचं.

खरी विश्रांती मिळते ती बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र येतं तेव्हा. त्याला सगळे झांबोनीच म्हणतात. अमेरिकेत फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये ते बनवलं, त्यांचंच नाव यंत्राला चिकटलं. साधारण दोन गटांनंतर ते येतं आणि दहा-पंधरा मिनिटं मिळतात. स्वच्छतागृह, कॉफी, गुडघे मोकळे करणं, घरी फोन, सगळं तेव्हा. मधुमेह असलेल्यांनी खाण्याच्या वेळा या हिशेबाने आधीच बसवून घ्या.

५. ती चार मिनिटं

हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

नाव पुकारलं की टाळ्या. खेळाडू एक-दोन फेऱ्या मारतो, प्रशिक्षकाशी शेवटचं बोलतो. यावेळी नावाने हाक मारली, "चल गो बाय!" म्हटलं तरी हरकत नाही. नाव पुकारल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात त्याला सुरुवातीची मुद्रा घ्यावी लागते. उशीर झाला तर गुण जातात. एकदा तो स्थिर उभा राहिला की संपूर्ण शांतता. या क्षणी हाक मारू नका. तो संगीताचा पहिला सूर कानात पकडायच्या तयारीत असतो, आणि तो निसटला तर पुढची सगळी पावलं एक मात्रा मागे पडतात.

संगीत सुरू झालं. आता उड्या. खेळाडू बराच वेळ मागे मागे घसरत, खांद्यावरून बघत जातो आहे असं दिसलं की समजा, उडी येते आहे. फक्त अ‍ॅक्सेल ही एक उडी समोर तोंड करून मारतात. खेळाडू ऐनवेळी पुढे वळला तर ती अ‍ॅक्सेल. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सेन यांनी १८८२ मध्ये ती पहिल्यांदा केली. पुढून उडून मागे उतरायचं असल्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी जास्त भरते, म्हणून ती सर्वांत अवघड मानतात. अमेरिकेच्या इलिया मालिनिनने २०२२ मध्ये स्पर्धेत पहिल्यांदा चौपट अ‍ॅक्सेल, म्हणजे साडेचार गिरक्या, उतरवून दाखवली.

उडीच्या आधी अजिबात आवाज नको. "आता बघ, आता बघ" असं शेजारणीला कुजबुजणंसुद्धा नको. पाय बर्फाला लागून खेळाडू सावरला, मोकळा पाय मागे लांब गेला, की टाळी. उड्यांची जोडी असते तेव्हा मात्र पहिल्या उडीवर टाळी घाई करते. उतरल्या उतरल्या लगेच दुसरी येऊ शकते, म्हणून एक श्वास थांबा. तो लांब गेलेला पाय दिसला की निश्चिंत वाजवा.

गिरकीला, म्हणजे स्पिनला, ती संपताना टाळी. पावलांची लांब मालिका येते, तिथे संगीत उडतं असेल तर सगळी गॅलरी तालात टाळ्या धरते, तुम्हीही धरा. आपल्या माणसाचे हात तालाला पक्के असतात, पण लय वाढवत नेऊ नका. संगीताच्या पुढे गेलेल्या टाळ्या खेळाडूला ओढत नेतात. विलंबित, हळवं संगीत असेल तर ताल धरू नये. आइस डान्समध्ये मोठ्या उड्या नसतातच, दोघांची पावलं किती जवळून आणि किती एकसारखी चालतात ते बघायचं असतं. तिथे जोडीदाराला उचलून घेतात त्यावर टाळी पडते, एरवी शांतपणे बघणं जास्त शोभतं.

संगीत संपलं, शेवटची मुद्रा ठरली, मग काय वाजवायचं ते वाजवा. उभं राहून मानवंदना द्यावीशी वाटली तर द्या, संकोच नको.

६. खेळाडू पडला तर

पडतात. जगज्जेतेही पडतात. तुमची नातही पडेल, त्याची तयारी ठेवून जा.

माझी वेंगुर्ल्याची मामी भाचीच्या स्पर्धेला आली होती. पोर दुहेरी उडीवरून घसरली आणि मामी ताडकन उभी राहिली, "गो बाये, पडला गो!" तिच्या तोंडून माया बाहेर पडली, दुसरं काही नाही. पण गॅलरीत सगळीकडे शांतता होती आणि तो आवाज बर्फापर्यंत गेला. भाचीने वर बघितलं. त्या बघण्यात तिचा पुढच्या पावलांचा धागा सुटला. मामीला नंतर मी हळूच समजावलं, आणि पुढच्या वेळी तिने पदर तोंडाशी धरून ठेवला.

पडल्यावर करायचं ते असं. "अरेरे", "च् च्" असा सुस्कारा टाकू नका. शेकडो माणसांचा सुस्कारा एकत्र आला की तो फार मोठा ऐकू येतो. खेळाडू उठेपर्यंत थांबा, आणि तो संगीतात परत शिरला की जोरात, सलग टाळ्या द्या. संगीत कोणासाठी थांबत नाही. उठून, श्वास सावरून, हुकलेली पावलं गाळून त्याला पुढची जागा पकडायची असते, आणि त्या दहा सेकंदांत आपल्या टाळीचा त्याला खरा आधार होतो. चांगल्या उडीवर टाळी कोणीही देईल. पडलेल्या पोराला, त्यातही आपल्या मुलाशी स्पर्धा करणाऱ्या पोराला, मनापासून दिलेली टाळी मला या खेळाच्या प्रेक्षकांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पडल्याचा एक गुण कापला जातो, शिवाय त्या उडीचे गुणही घसरतात. पण तेवढ्याने सगळं बुडत नाही. पडूनही पदक मिळवलेले खेळाडू आहेत, त्यामुळे तिथेच आशा सोडून तोंड पाडून बसू नका. आईबापांचे चेहरे पोरांना दुरूनही दिसतात.

दुखापत झाली, बुटाची नाडी तुटली, संगीत बंद पडलं, तर पंच खेळ थांबवतात. अशा वेळी शांत बसा, मोबाइल वर करू नका. खेळाडू परत उभा राहिला की टाळ्या.

७. फोटो, व्हिडिओ, झेंडा

फ्लॅश कुठेही, कधीही नाही. मोबाइलचा फ्लॅश आपोआप पेटण्यावर असतो, तो घरून निघतानाच बंद करून ठेवा. आजोबांचा फोन आजोबांच्या हातात देण्याआधी तपासा. रिंगटोनही बंद.

मोठ्या स्पर्धेत व्हिडिओला बंदी असू शकते, तिकिटामागे लिहिलेलं असतं. क्लबाच्या स्पर्धेत वेगळी अडचण येते. तिथे लहान मुलं असतात, आणि दुसऱ्याच्या मुलाचं चित्रण त्याच्या पालकांना विचारल्याशिवाय करत नाहीत. आपल्या नातीचा व्हिडिओ काढा, पण वॉर्म-अपमधली सहा पोरं एकत्र टिपून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. फोन डोळ्यांसमोर धरा, डोक्यावर नाही. मागे बसलेल्यानेही तिकीट काढलेलं असतं.

तिरंगा न्यावासा वाटला तर छोटा न्या. वॉर्म-अपला आणि गुण लागताना फडकवा, एरवी मांडीवर. कठड्याला कापड बांधायचं असेल तर आयोजकांची परवानगी लागते.

८. फुलं, खेळणी आणि आपली दृष्ट

या खेळात आवडत्या खेळाडूसाठी बर्फावर फुलं आणि कापडी खेळणी टाकायची जुनी पद्धत आहे. जपानच्या युझुरू हान्यूसाठी चाहते विनी द पूह अस्वलांचा अक्षरशः पाऊस पाडत. छोटी मुलं स्केटवरून येऊन ती गोळा करत आणि हान्यू ती स्थानिक संस्थांना देऊन टाकत असे. करोनाच्या काळात हे सगळीकडे थांबलं, आणि आता कुठे चालतं, कुठे अजिबात चालत नाही. आयोजकांचा नियम वाचल्याशिवाय काही टाकू नका.

चालत असेल तर मर्यादा पाळा. खेळाडूने वाकून नमस्कार केल्यानंतरच टाकायचं. फुलं प्लास्टिकच्या कागदात पूर्ण गुंडाळलेली हवीत, एक पाकळीसुद्धा बाहेर नको. खालच्या रांगेत जाऊन, हळूच, खेळाडूच्या अंगावर नाही तर मोकळ्या बर्फावर. खाऊ, चॉकलेट, कठीण काही नाही. आणि झटपट आटपायचं, कारण पुढचा खेळाडू तोवर बर्फावर आलेला असतो, त्याचा वेळ आपण खातो. बऱ्याच ठिकाणी भेटवस्तू स्वीकारायला वेगळं टेबल असतं, तो मार्ग मला जास्त पसंत आहे.

हार, नारळ, कुंकू-अक्षता यांतलं काही रिंकवर न्यायचं नाही. पोरीची दृष्ट काढायची असेल तर घरी आल्यावर मीठ-मोहरीने काढा, खुशाल काढा.

९. गुण लागताना

खेळाडू आणि प्रशिक्षक कडेच्या बाकावर जाऊन बसतात, त्या जागेला किस अँड क्राय म्हणतात. कॅमेरा त्यांच्या तोंडावर असतो.

पूर्वी सहापैकी गुण देत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या निकालावरून मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर २००४ पासून नवी पद्धत आली. आता प्रत्येक उडी-गिरकीची ठरलेली किंमत असते, ती किती चांगली केली यावर परीक्षक उणे ५ ते अधिक ५ देतात, आणि रचना, सादरीकरण, स्केटिंगचं कौशल्य यांचे गुण वेगळे. हवेतली गिरकी पाव फेरीपेक्षा जास्त अपुरी राहिली तर तांत्रिक मंडळी ती पुन्हा बघून किंमत कमी करतात. ते आपल्याला गॅलरीतून दिसत नाही. म्हणून सुंदर वाटलेल्या सादरीकरणाला कधी कमी गुण लागतात, आणि लोक हुर्यो करतात.

ती करू नका. राग परीक्षकांवर असतो, पण आवाज ऐकतो तो बाकावर बसलेला सोळा वर्षांचा पोर, आणि त्याला वाटतं तो आपल्यासाठी आहे. पुढे उतरणाराही तोच आवाज ऐकत उभा असतो. गुण पटले नाहीत तर खेळाडूसाठी अजून जोरात टाळ्या वाजवा, म्हणणं पोचतं.

आणि आपलं पोर खेळून झालं की उठून जाऊ नका. क्लबाच्या स्पर्धेत हे सर्रास घडतं. पहिल्या पोराचे सात नातेवाईक निघून जातात, मग दुसऱ्याचे, आणि शेवटच्या गटातली चिमुरडी रिकाम्या बाकड्यांसमोर नाचते. तीही त्याच सकाळी पाच वाजता उठलेली असते. निदान तो गट संपेपर्यंत बसा. आपल्या गावच्या माणसांना रात्ररात्र बसायची सवय आहे, अर्धा तास काही जड नाही.

१०. घरून बघणार असाल

ज्युनिअर ग्रां प्री स्पर्धा आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर फुकट दाखवतात. त्या ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या दिवसांत असतात, म्हणजे बऱ्याचदा ऐन गणपतीत, घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना. युरोपातली संध्याकाळची स्पर्धा आपल्याकडे रात्री उशिरा लागते, कॅनडातली पहाटे, जपानमधली दुपारी. वेळ आपल्या घड्याळात बदलून गजर लावून ठेवा आणि इन्व्हर्टर चार्ज आहे का बघा, पावसात लाइटचा भरवसा नसतो.

घरचं पोर खेळणार असेल तर आदल्या रात्री फोन करून "उद्या पहिला नंबर आण हां" म्हणू नका. "नीट जेव, लवकर झोप" पुरे. निकाल कळला तरी ग्रुपवर लगेच टाकू नका, मुंबईतला काका रात्री कामावरून आल्यावर बघणार असतो.

११. नंतर भेटताना

कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी घोळका करू नका. ओळखीचा नसलेला खेळाडू असेल तर सही किंवा फोटो आधी विचारून, आणि तो नाही म्हणाला तर हसून बाजूला व्हा.

आपलं पोर बाहेर आलं की पहिला प्रश्न पडण्याबद्दल नको. दुसऱ्या कोणाचे गुणही नको. ते दमलेलं आणि गारठलेलं असतं, पायाला पट्ट्या असतात. त्याच्या हातातली बॅग घ्या, पाणी द्या, जॅकेट द्या. काय झालं ते त्याला सांगायचं असेल तेव्हा ते आपणहून सांगतं, बहुतेक वेळा गाडीत बसल्यावर.

१२. आपल्याकडच्या रोलर स्केटिंगला जाताना

बर्फ लांब असला तरी चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग आपल्या राज्यात चालतं, आणि त्यातही संगीत, उड्या, गिरक्या, परीक्षक असंच सगळं असतं. जिल्ह्यातून मुलं स्पर्धेला जातात तेव्हा वरचे सगळे नियम तिथे जसेच्या तसे लागू. फक्त दोन फरक. थंडीचे कपडे नकोत, उलट पाणी आणि टोपी न्या. आणि तिथला धोका म्हणजे खडा. आपल्या जांभ्या दगडाचा बारीक तुकडा बुटाला चिकटून आला आणि रिंकवर पडला तर चाक जागीच अडतं. रिंकच्या कडेला जाण्याआधी बूट झटका, रिंकमध्ये बुटांनी पाऊल टाकू नका, आणि खडा दिसला तर स्वतः आत न धावता जवळच्या पंचाला हात करून दाखवा.